किरकोळ कारणावरून

भाऊजी,

तुमच्या उजव्या बाजूला बसायची मला इतकी सवय झाली आहे, की परवा तुमच्या फोटोला हार घालतानासुद्धा मी टेबलाला वळसा घालून उजवीकडे गेले. तुमचे दादा म्हणाले, "अगं, समोरून घाल ना." घातला समोरून. पण तुमच्याशी काही बोलायचं म्हटलं की मी अजून तुमचा उजवा कान शोधते. डावा कान त्या रंगपंचमीला गेला तो गेलाच. आणि वादात मी वरचढ होते आहे असं दिसलं, की तुम्ही हळूच डावा कान माझ्याकडे करायचात! इतका सभ्य माणूस आणि वादात इतका लबाड, असा दुसरा मी पाहिला नाही.

पेपरात तुमची चौकट आली. भांडी बाजारातले जुने दुकानदार, मनमिळाऊ स्वभाव, अविवाहित, पश्चात भाऊ, भावजय, पुतणी असा परिवार. मजकूर दादांनीच दिला होता, म्हणून मी काही बोलले नाही. पेपर घडी करून ठेवला आणि आमटीला फोडणी द्यायला गेले, तर फोडणी करपली. घोटीचे दत्ता त्या परिवारात बसत नव्हते. तुम्ही गेल्याचं त्यांना फोन करून मीच कळवलं होतं, आणि कितीतरी वेळ पलीकडून फक्त भाताच्या गिरणीचा आवाज येत राहिला होता. ते अंत्यविधीला आले नाहीत.

आता रोज लोक भेटायला येतात. सतरंजीवर बसतात, पाणी पितात आणि कोणीतरी म्हणतंच, "रंगपंचमीला पाय घसरून पडला ना बिचारा, तेव्हापासून तब्येत जी ढासळली..." दादा मान हलवतात. मी चहाच्या निमित्तानं आत जाते आणि आत जाऊन तुमच्याशी भांडते. आपलं भांडण तरी कितीसं होतं? एकच. तुम्हाला का मारलं, ते बोलायचं की नाही, आणि कायद्यानं ते विचारायचं की नाही. मी म्हणायचे, विचारलंच पाहिजे. तुम्ही म्हणायचात, नको. निकाल लागायच्या आत तुम्ही उठून गेलात. हे काही बरोबर केलं नाहीत.

मी या घरात लग्न होऊन आले, तेव्हा तुम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत भांड्यांवर नावं घालायचात. आपल्याकडे लग्नाचं भांडं नावाशिवाय बाहेर पडत नाही. कोणाकडून कोणाला 'सप्रेम भेट' ते काठाखाली हवंच, नाहीतर तेच पातेलं पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या माथी मारलं जाईल अशी सगळ्यांना धास्ती. ते मशीन तुमच्या हातात टरटरत असायचं आणि तुम्ही ओठ मुडपून अक्षरं काढायचात. माझ्या वडिलांनी रुखवताची भांडी आपल्याच दुकानातून घेतली होती. त्यांच्यावर दादांचं नाव माझ्या नावापेक्षा लांबलचक आलेलं पाहून मी आल्याआल्या तुमच्याशी पहिलं भांडण काढलं. "वहिनी, त्यांच्या नावात अक्षरंच जास्त आहेत, मी काय करू?" तुम्ही म्हणालात. मला हसू आलं, आणि सासरी आपलं कोणाशी तरी जमणार म्हणून जीव भांड्यात पडला.

मग मी तुमच्यासाठी स्थळं आणायला लागले. नवी नवरी, त्यातून शाळामास्तरीण, उत्साहाला काय तोटा! सिन्नरची एक मुलगी तर मला फारच पसंत होती. तुम्ही दर वेळी काहीतरी खुसपट काढायचात आणि रविवारी एसटीनं घोटी गाठायचात. कशाला, तर तांदूळ आणायला. घरात माणसं बेताची आणि तांदूळ एखाद्या कार्यालयाच्या पंगतीला पुरेल इतका. एकदा दुपारी परातीत तांदूळ निवडता निवडता मी वैतागून म्हणाले, "भाऊजी, घोटीला कोण आहे ते एकदाचं सांगून टाका. मुलगी जातीबाहेरची असली तरी चालेल, दादांना मी तयार करते."

तुम्ही परातीसमोर येऊन बसलात. उगाच दोन-चार दाणे चाळवलेत.

"मुलगी नाही, वहिनी. दत्ता आहे. गिरणीत असतो तो. त्याला सोडून माझं दुसऱ्या कोणाशी जमायचं नाही."

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. अशा गोष्टी मी कुठंकुठं वाचल्या होत्या, पण त्या आपल्या स्वयंपाकघरात येऊन मांडी घालून बसतील असं काही कोणाला वाटत नाही. घाबरले होते मी, खोटं कशाला बोलू? तुम्ही माझ्या तोंडाकडे एकटक बघत होतात. शेवटी मी विचारलं, "त्यांना तिखट चालतं का?"

तुम्ही आधी हसलात. हसता हसता रडायला लागलात आणि मलाही रडू आलं. मग मी पदरानं डोळे पुसून म्हणाले, "पुढच्या रविवारी जेवायला घेऊन या. येताना तांदूळ मात्र आणू नका."

दत्ता आले, जेवले, माझ्या ठेच्याला नावाजून गेले. मग येतच राहिले. दादांना ते तुमचे मित्र म्हणून माहीत. तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत, त्यांनी कधी विचारलं नाही. घरात अळीमिळी गुपचिळी. माझी मुक्ता झाली तेव्हा मी नोकरी सोडावी असं सगळ्यांचं मत होतं, तुम्ही सोडून. मधल्या सुट्टीत तुम्ही तिला दुपट्यात गुंडाळून भांडी बाजारातून माझ्या शाळेत घेऊन यायचात. मी शिक्षिकांच्या खोलीत तिला पाजायचे आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात उभे राहायचात. रस्त्यात पोरं मागून काय काय बोलायची ते मला फार नंतर कळलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. माझी नोकरी टिकली ती तुमच्यामुळं, भाऊजी. तुमच्यासमोर हे मी कधी बोलले नाही, कारण लगेच तुम्ही मला त्यावरून चिडवलं असतंत.

त्या रंगपंचमीला दत्तांना तुम्ही मुद्दाम रहाड बघायला बोलावलं होतं. घोटीला रहाड नाही. त्यांना वाटलं विहीर असेल. जेवताना तुम्ही त्यांना रंगवून रंगवून सांगत होतात: पेशव्यांच्या वेळचा दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजलेला, वरून टेम्पो जातात, खाली रहाड आहे हे परक्याला कळायचंही नाही. रंगपंचमी आली की तो उकरायचा, पूजा करायची, फुलं उकळून त्यात रंग सोडायचा. मग दुपारी ढोलाच्या तालावर एकेकानं धप्पकन उडी मारायची. आणि काठावर उभा राहून जो कुरकुरतो, त्याला चौघांनी हातापायाला धरून उचलायचं आणि आत फेकायचं. त्याचा राग कोणी धरायचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलेलं. "तुला मीच टाकणार बघ आज," तुम्ही दत्तांना म्हणालात. त्यांच्या पोटात पुरणपोळी होती, ते हात जोडून नको नको म्हणत होते.

मी घरीच होते. पुढचं मला थोडं तुम्ही सांगितलंत, थोडं दादांनी. दत्तांच्या डोळ्यात रंग गेला. तुम्ही त्यांची हनुवटी धरून सदऱ्याच्या टोकानं त्यांचा डोळा पुसलात. तेवढंच. ते गल्लीतल्या विन्यानं पाहिलं. तो आणि त्याचे दोस्त आधीपासून तुमच्यावर टपलेले होते. त्यांनी तुम्हाला हातापायाला धरून उचललं. दर वर्षी जे दिसतं तेच गर्दीला दिसलं. ढोलवाल्यांनी ठेका वाढवला, लोक टाळ्या वाजवायला लागले. दादाही त्या गर्दीत होते. आपला भाऊ आता रंगात पडणार म्हणून तेही टाळ्या वाजवत होते.

त्या पोरांनी तुम्हाला पाण्यात टाकलंच नाही. दगडी काठावर आपटलं आणि मग डोक्यात लाथा घातल्या. प्रत्येक लाथेला एक शिवी होती. ती मी लिहिणार नाही. ढोलापुढं ती लांबच्यांना ऐकू आली नाही, पण तुम्हाला आली आणि दत्तांना आली. दत्ता मध्ये पडायला गेले तर दोघांनी त्यांना मागे ओढलं आणि सांगितलं, "परत नाशकात दिसलास तर पोत्यात घालून घोटीला पाठवू."

तुम्ही घरी आलात ते काठावर उडालेल्या रंगानं नखशिखांत केशरी. कोणाच्या हातावर रेलून आलात तेही माझ्या लक्षात आलं नाही. मी दारातूनच ओरडले, "आधी मोरीत जा, फरशी रंगेल!" मग बंबातलं ऊन पाणी तुमच्या डोक्यावर ओतत गेले. सगळा रंग निघाला तरी कानामागून लाल येतच राहिलं, तेव्हा मी तांब्या टाकला आणि पदर कानामागं दाबून धरला. तुम्ही मात्र एकच विचारत होतात, "दत्ता गाडीत बसला का? कोणीतरी बघून या ना."

दुसऱ्या दिवशी आपण तिघं पोलीस चौकीत गेलो. दादा रस्ताभर म्हणत होते, "पाय घसरला म्हणून सांगू, विषय मिटेल." तुम्ही ऐकलं नाहीत. मारलं, असंच सांगितलंत. कोणी मारलं तेही सांगितलंत. हवालदार काही वाईट माणूस नव्हता. त्यानं आपल्याला बसायला बाकडं दिलं आणि विचारलं, "भांडण कशावरून? पैशाचं? जागेचं? का एखाद्या बाईवरून?" एकेक कारण तो आपणहून सुचवत होता, आणि त्यातलं कुठलंही चाललं असतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलात. "कारण काही नाही, साहेब," तुम्ही म्हणालात. मग त्यानं लिहिलं, 'किरकोळ कारणावरून मारहाण'. विन्याला बोलावून समज दिली आणि सोडून दिलं.

घरी आल्यावर मी ताटं आपटली. किरकोळ! माणसाचा कान गेला आणि कारण किरकोळ! तुम्ही शांतपणे म्हणालात, "वहिनी, खरं कारण लिहिलं असतं तर विन्या साक्षीदार झाला असता आणि मी आरोपी." तेव्हाचा कायदाच तसा होता, दोन पुरुषांच्या अशा संबंधालाच गुन्हा म्हणणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि तुम्हाला स्वतःपेक्षा दत्तांची काळजी. त्यांची आई, भाऊ, गिरणीची नोकरी. एकदा त्यांचं नाव कागदावर आलं की घोटीत त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं. म्हणून तुम्ही तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसलात, आणि मलाही तुमच्यासाठी तोंड दाबून बसायला लावलंत. मला हे किती जड गेलं, ते तुम्हाला माहीत आहे.

गल्लीत हळूहळू 'पाय घसरला' हेच रूढ झालं. दादा तर तेच सांगत राहिले. त्यांना त्या टाळ्या आठवायच्या. मी त्यावरून त्यांना कधी बोलले नाही, तुम्हीही नाही.

त्यानंतर दत्ता आपल्याकडे आले नाहीत. तुम्हीच घोटीला जात राहिलात आणि घरात पुन्हा तांदूळ साचायला लागला.

काही वर्षांनी मी पेपरात वाचलं, की बाहेरच्या काही देशांत, एखाद्यानं कोणावर जीव लावला याचा द्वेष म्हणून त्याला मारलं, तर कायदा त्या मारण्याला जास्त कडक शिक्षा देतो. मी नववीला नागरिकशास्त्र शिकवत होते, समतेचा धडा नुकताच संपला होता. घरीही न जाता, हाताला खडू तसाच, मी तडक दुकानाच्या मागच्या खोलीत आले. तुमच्या उजवीकडे स्टूल ओढलं आणि सगळं वाचून दाखवलं.

"मार तो मार, वहिनी," तुम्ही मशीन बंद न करताच म्हणालात. "माझी हाडं काय वेगळ्या धातूची आहेत?"

"हाडं तीच. पण तुम्हाला काय भांडं गळकं निघालं म्हणून मारलं? तुम्ही जसे आहात, तसे आहात म्हणून मारलं."

"आणि कोणाच्या मनात काय होतं ते कोण ठरवणार? तो हवालदार?"

"खुनाच्या खटल्यात हेतू बघतातच की. आणि विन्यानं मनात कुठं ठेवलं होतं? तो तर ओरडून सांगत होता."

तेव्हा तुम्ही मशीन बंद केलंत आणि मनापासून हसलात. मला वाटलं, जिंकले. कसलं काय! तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, "बरं, समजा केला कायदा. तो मला वाचवणार कधी? मी चौकीत जाऊन आधी सांगायचं, साहेब, मी असा आहे, म्हणून मला मारलं. ज्याला लपून जगायचंय त्याला तो कायदा कशाला उपयोगी? झाकली मूठ आहे ती राहू द्या."

मी अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचं उदाहरण दिलं. जातीवरून मारलं तर कायदा वेगळा धरतोच ना? का धरतो? तो मार एका माणसाला नसतो, त्याच्या सगळ्या वस्तीला धाक बसावा म्हणून असतो. तुम्ही मान डोलावलीत. म्हणालात, "त्यांच्यामागं त्यांची माणसं उभी राहिली, लढली, तेव्हा तो कायदा आला. माझ्यामागं कोण आहे? तुम्ही आणि तुमचं स्टूल." मग म्हणालात, "आणि धाक दुसऱ्या कोणाला बसला? मार मी खाल्ला. माझ्याशिवाय कोणाला लागलं, दाखवा बरं."

मला तेव्हा दाखवता आलं नाही. पुढं कितीदा तरी आपण त्याच जागी येऊन अडलो. तुमचं म्हणणं, आधी मला चोर म्हणणारं कलम काढा, मग माझ्या दाराला कुलूप द्यायचं बघा. माझं म्हणणं, दोन्ही एकदम मागायला काय हरकत आहे? तुमचं म्हणणं, विन्या चार वर्षं जास्त आत बसून शहाणा होणार आहे का? माझं म्हणणं, तो गेला उडत, बाकीचे तर हात उगारायच्या आधी विचार करतील. मग तुमचा डावा कान. पालथ्या घड्यावर पाणी!

आणि तो विन्याच्या लग्नाचा किस्सा! त्याची आई लग्नाची भांडी घ्यायला आपल्याच दुकानात आली. सगळ्या बाजारात हिला दुसरं दुकान मिळालं नाही. आणि तुम्ही 'चि. विनायक' म्हणून नावं घालत बसलात, नेहमीसारखी ओठ मुडपून, एकेक अक्षर घोटीव. मी फणफणत म्हणाले, "निदान एखादा काना तरी खाऊन टाका." तुम्ही म्हणालात, "त्या नवऱ्या मुलीनं माझं काय केलंय? ती आयुष्यभर त्याच पातेल्यात दूध तापवणार." मला तुमचा इतका राग आला, भाऊजी, की त्या दिवशी मी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही. आज वाटतं, तुम्हाला राग येतच नव्हता असं नाही. तो तुम्ही कुठं ठेवत होतात, ते मला कधी कळलं नाही. विचारायला हवं होतं. कायद्यावर तासन्‌तास बोललो आपण आणि हे राहून गेलं.

यंदाच्या पावसाळ्यात त्या कलमावर दिल्लीच्या हायकोर्टाचा निकाल आला. मी शाळेतून पेपर घेऊन पळत आले, या वयात. तुमच्या उजव्या कानाशी बसून वाचलं. तुम्ही विचारलंत, "म्हणजे मी आता आरोपी नाही?"

"नाही."

"परत वाचा."

परत वाचलं. तुम्ही एका डब्यावर अर्धं नाव घालून ठेवलं होतं. ते तसंच टाकून उठलात, दादांना "आलोच" म्हणालात आणि घोटीची एसटी पकडलीत. दुसऱ्या दिवशी परत आलात ते हात हलवत. तांदूळ नाही. पहिल्यांदाच! मी काही विचारलं नाही, तुमचा चेहरा बघूनच माझं पोट भरलं. तुम्ही आपणहून म्हणालात, "वहिनी, आता मी चोर नाही ना? मग आता तुमच्या त्या कायद्याचं बोलू. धनत्रयोदशीची गर्दी तेवढी सरू द्या, मग सवडीनं बसू."

आणि नवरात्रात तुम्ही गेलात. काय बोलणार होतात, भाऊजी? तुमचं मत बदललं होतं का? की नवा काहीतरी मुद्दा काढून मला पुन्हा गप्प करणार होतात? आता मी रोज एकटीच दोन्ही बाजू लढवते. आणि खरं सांगू, तुमची बाजू मांडताना मला जास्त चांगले मुद्दे सुचतात.

काल दुपारी दत्ता आले.

मी दार उघडलं आणि ओळखायलाच वेळ लागला. केस पिकलेत, खांदे पडलेत. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नाशकात. मी "आत या" म्हणाले, पण ते दाराशीच चपलांच्या शेजारी बसले. भिंतीशी दादा होते. समोरचे नानाकाका भेटायला आले होते, आणखी दोन-चार शेजारी होते. नानाकाका नेहमीचंच बोलत होते, "चांगला माणूस हो. त्या रंगपंचमीला पाय काय घसरला आणि..."

"पाय नाय घसरला त्यांचा," दत्ता म्हणाले. आवाज काही मोठा नव्हता. "मारलं त्यांला. मी व्हतो तिथं."

सगळे त्यांच्याकडे वळले. दादा मान खाली घालून बसले होते. नानाकाकांनी विचारलं, "मारलं? कशावरून?"

दत्तांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. ते सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता.

"आमचा दोघांचा एकमेकांवर जीव व्हता," दत्ता म्हणाले. "त्याच्यावरून."

 आता त्यांना थांबता येईना. "मार त्यांनी खाल्ला. पन त्या दिसापासून मी नाशकात पाय नाय टाकला. ते दवाखान्यात व्हते तवा नाय आलो. परवा खांदा द्यायला बी नाय आलो. लय भ्यालो व्हतो. आमच्याकडं अजून दोघं हायेत माझ्यासारखे, त्यांला कळलं तर त्यांनी बी कुठं जायचं-यायचं सोडून दिलं. परत कोनाला मारायची गरजच नाय पडली."

माझ्याशिवाय कोणाला लागलं ते दाखवा, म्हणाला होतात ना? इथं चपलांशेजारी बसले होते ते. आणि आणखी दोघं, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत. त्यांच्या अंगाला कोणी बोट लावलं नव्हतं, तरी एका दुपारी त्या सगळ्यांचं जगणं आखडून टाकलं होतं. कायद्यानं मोजावं असं मी म्हणत होते ते हेच. जिंकले मी, भाऊजी, आणि मला ओरडून रडावंसं वाटलं. तुमचंही खोटं नव्हतं. सांगायला शेवटी माणसालाच उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी दत्तांना तुम्ही जाईपर्यंत थांबावं लागलं. म्हणूनच मला तो कायदा हवा आहे, अजूनही. पुढच्या एखाद्या दत्ताला जिवंत माणसासाठी चौकीत जाता यावं म्हणून. आता द्या उत्तर.

नानाकाकांचं वय झालंय. त्यांनी चष्मा सारखा करून दत्तांना नीट न्याहाळलं. मग त्यांनी भेटायला आलेला कोणीही विचारतो तेच विचारलं, "पण तुम्ही त्यांचे कोण म्हणायचे?"

 मी काही बोलणार तेवढ्यात दादा हलले. भिंतीशी, तुमच्या फोटोखाली, जिथं ते इतके दिवस लोकांचे नमस्कार घेत बसले होते, तिथून उठले. दाराशी गेले, दत्तांना हाताला धरून उठवलं आणि स्वतःच्या जागेवर आणून बसवलं. स्वतः बाजूला, उघड्या फरशीवर बसले.

"नाना, पाय घसरला असं मीच सांगत होतो," तुमचे दादा म्हणाले. "ते खोटं होतं. माणूस ह्यांचं गेलंय. भेटायचं ते ह्यांना भेटा."

नानाकाका गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले, दत्तांच्या समोर जाऊन बसले, आणि त्यांनी हात जोडले.